मेलेल्या जंतूंचा निरोप

(तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन)

बारावीला बायोलॉजी घेतलेल्या प्रत्येकाला फ्रेडरिक ग्रिफिथ हे नाव माहीत असतं. आणि त्यांच्याबद्दल फक्त एवढंच माहीत असतं : चार उंदीर, दोन मेले, दोन जगले, डायग्रॅम नीट काढली की मार्क पक्के. मीही तेवढंच पाठ केलं होतं. पुढे एन्ट्रन्सला बायोलॉजीने हात दिला नाही, मॅथ्सने दिला, म्हणून मी इकडे आले आणि उंदरांचा विषय आपल्यापुरता संपला असं मला वाटलं.

मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आजीला न्यूमोनिया झाला. दहा दिवस हॉस्पिटल. रात्री तिच्याजवळ बसायची पाळी माझी असायची. एकदा राउंडला आलेल्या डॉक्टरांना मी विचारलं, की हा जंतू नेमका कोणता? ते म्हणाले, बहुतेक न्यूमोकॉकस. नाव ऐकल्यासारखं वाटलं. मग आठवलं, अरे, हा तर आपल्या ग्रिफिथचा जंतू! आजी बरी होऊन घरी आली, पण तोवर मी ग्रिफिथ यांच्याबद्दल मिळेल ते वाचायला लागले होते. आणि वाचता वाचता लक्षात आलं, की पुस्तकात जिथे ही गोष्ट संपते तिथे ती खरं म्हणजे सुरू होते. शिवाय शेवटी ती आपल्याच ब्रँचमध्ये येऊन पोहोचते, सिग्नल्सपाशी. म्हणून हा लेख. (मी कॉन्व्हेंटची. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घालाव्यात.)

ग्रिफिथ यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यातल्या हेल नावाच्या गावी झाला. त्यांनी लिव्हरपूलला मेडिकलचं शिक्षण घेतलं आणि १९०१ साली डॉक्टर झाले. पण दवाखाना काढून बसावं असा त्यांचा स्वभाव नव्हता. ते अतिशय अबोल होते. इतके, की ओळखीच्या लोकांनाही त्यांच्याशी गप्पा मारणं जड जायचं. ते प्रयोगशाळेत रमले. त्यांचे भाऊ आर्थर स्टॅन्ली ग्रिफिथ हेही जंतुशास्त्रज्ञच. त्या काळी इंग्लंडमध्ये क्षयरोगाच्या चौकशीसाठी एक रॉयल कमिशन नेमलेलं होतं. गाईगुरांचा क्षय माणसाला होतो का, हा त्यातला मोठा प्रश्न. रॉबर्ट कॉखसारखा दिग्गज म्हणत होता, की त्याची फार काळजी करायचं कारण नाही. कमिशनने वर्षानुवर्षं काम करून दाखवून दिलं, की काळजी करायला हवी, गाईच्या दुधातून तो माणसात येतो. दोघेही भाऊ त्या कामात होते. मोठ्या माणसाचं मत एका बाजूला आणि आपली निरीक्षणं दुसऱ्या बाजूला असली तर काय करायचं, याचा धडा ग्रिफिथ यांना सुरुवातीलाच मिळाला असणार.

पुढचं जवळजवळ सगळं आयुष्य त्यांनी लंडनमध्ये सरकारी प्रयोगशाळेत काढलं. आरोग्य मंत्रालयाची लॅब. पगार सरकारी, साधनं तुटपुंजी. त्यांचे जोडीदार विल्यम स्कॉट. या दोघांबद्दल असं म्हटलं जायचं, की रॉकेलचा डबा आणि एक स्टोव्ह एवढ्यावर ते जे करून दाखवतील ते इतरांना महाल दिला तरी जमायचं नाही. ग्रिफिथ यांनी लग्न केलं नाही. सकाळी लॅब, संध्याकाळी घर, रविवारी लांब फिरायला जायचं. म्हणजे चरित्र लिहायला बसलं तर हाताला फारसं काही लागत नाही. जे आहे ते सगळं कामात आहे.

आता ते काम. १९१८ साली इन्फ्लुएन्झाची साथ आली. जगभर कोट्यवधी माणसं गेली, मुंबईही त्यातून सुटली नाही. यातले बरेचसे लोक नुसत्या फ्लूने गेले नव्हते. फ्लूने खिळखिळ्या झालेल्या छातीत मागाहून दुसरे जंतू शिरायचे आणि न्यूमोनिया व्हायचा. त्यातला एक प्रमुख जंतू म्हणजे न्यूमोकॉकस. तेव्हा पेनिसिलीन नव्हतं. घोड्याच्या रक्तापासून बनवलेली सिरमची इंजेक्शनं हाच काय तो उपाय. त्यातही एक मेख होती. न्यूमोकॉकस एक नाही, त्याचे प्रकार आहेत, आणि एका प्रकाराचं सिरम दुसऱ्या प्रकारावर चालत नाही. तेव्हा प्रकार एक, दोन, तीन अशी नावं होती आणि उरलेल्या सगळ्यांची खोगीरभरती चौथ्या गटात केलेली होती.

हे प्रकार ठरतात ते जंतूच्या अंगावरच्या साखरेच्या आवरणावरून. हे आवरण म्हणजे जंतूचा रेनकोटच समजा. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना तो सहजासहजी पकडू देत नाही. प्रत्येक प्रकाराच्या रेनकोटचं कापड वेगळं. ज्यांना असं आवरण आहे त्यांची बशीतली वसाहत गुळगुळीत, चकचकीत दिसते, तिला ‘एस’ म्हणतात, स्मूथचा एस. ज्यांनी आवरण गमावलंय त्यांची खडबडीत दिसते, ती ‘आर’, म्हणजे रफ. ‘एस’ माणूस मारतो, ‘आर’ बिचारा निरुपद्रवी. न्यूमोकॉकसमधला हा फरक ग्रिफिथ यांनीच १९२३ साली मांडला.

त्यांचं काम होतं रोग्यांच्या थुंकीचे नमुने तपासून कुठला प्रकार किती सापडतो याची नोंद ठेवणं. अगदी कारकुनी काम वाटेल असं. पण त्या नोंदींत त्यांना एक गोष्ट खटकत होती. एकाच रोग्याच्या थुंकीत वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळे प्रकार निघत होते. एकाच माणसाला एकामागोमाग एक इतक्या जातींचे जंतू बाहेरून येऊन चिकटतात, का आतल्या आत जंतूच कपडे बदलतो? दुसरी शंका त्या काळात बोलायचीही सोय नव्हती. जंतूंच्या जाती पक्क्या असतात, आंब्याच्या झाडाला फणस लागत नाहीत, अशीच बहुतेकांची समजूत होती. आणि रोगांची सगळी वर्गवारी त्यावर उभी होती.

मग ग्रिफिथ यांनी ते उंदीर घेतले. प्रयोग आपल्याला पाठ आहे, तरी एकदा नीट बघू, कारण त्यातली खरी गंमत बारावीला आपल्या हातून निसटते. त्यांनी दुसऱ्या प्रकारापासून आलेले जिवंत ‘आर’ जंतू घेतले. आवरण नाही, उंदराला काही करत नाहीत. मग तिसऱ्या प्रकारचे ‘एस’ जंतू घेऊन ६० अंश सेल्सिअसला तापवून मारले. हे मेलेले जंतूही उंदराला काही करत नाहीत. पण दोन्ही एकत्र टोचले तेव्हा उंदीर मेले. आणि त्यांच्या रक्तात जिवंत ‘एस’ सापडले.

इथे कोणीही म्हणेल, त्यात काय, खडबडीत जंतूने आपलं हरवलेलं आवरण परत मिळवलं असेल. तसं अधूनमधून होतंही. पण तसं असतं तर रक्तात दुसऱ्या प्रकारचे ‘एस’ मिळायला हवे होते, कारण जिवंत जंतू मुळात दुसऱ्या प्रकारचा होता. मिळाले ते तिसऱ्या प्रकारचे! म्हणजे मेलेल्याचा कोट जिवंताने अंगात घातला होता. बरं, उंदरातून काढून ते जंतू पुढे वाढवले तर त्यांची पिलावळही तोच कोट घालून जन्माला येत होती. मेलेल्या जंतूंकडून जिवंत जंतूंना काहीतरी पोहोचलं होतं, आणि ते कायमचं राहिलं होतं.

जानेवारी १९२८ मध्ये ‘जर्नल ऑफ हायजीन’मध्ये हा पेपर आला. बराच लांबलचक. त्यात तक्त्यांमागून तक्ते आहेत, आणि मुख्य विषय न्यूमोनियाच्या साथी हाच आहे. ते ‘काहीतरी’ नक्की काय, यावर ग्रिफिथ यांनी पतंग उडवले नाहीत. मेलेल्या जंतूतलं आवरण बनवायचं सामान जिवंत जंतू वापरत असावा, असा त्यांचा अंदाज होता. तो पुढे चुकीचा ठरला. डीएनए हा शब्द त्या पेपरात शोधूनही सापडणार नाही. पण निरीक्षण चुकीचं नव्हतं, आणि तेच टिकलं.

इथे मला माझी एक गोष्ट कबूल करायची आहे. सेकंड इयरला लॅबमध्ये एका सर्किटचा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स काढायचा होता. आमच्या ग्रुपचं एक रीडिंग कर्व्हवर बसेना. तीनदा घेतलं, तीनदा तेच. जर्नल सबमिट करायची वेळ झाली होती. आम्ही काय केलं असेल? सीनियरच्या जर्नलमधलं रीडिंग उतरवलं, कर्व्ह सुंदर आला, सही मिळाली. ते रीडिंग तसं का येत होतं, हे मला आजही माहीत नाही. आणि आता कळायचा मार्गही नाही, कारण आम्ही ते लिहूनच ठेवलं नाही.

ग्रिफिथ यांच्या उंदरात जेव्हा नको तो जंतू निघाला तेव्हा त्यांच्याकडे आमच्यापेक्षा कितीतरी सोपी पळवाट होती. नमुन्यात घाण मिसळली असेल, मारलेल्यांतला एखादा जिवंत राहिला असेल, असं म्हणून ते मोकळे होऊ शकले असते. त्यांनी काय केलं? तोच प्रयोग पुन्हा केला, मग प्रकार बदलून केला, नुसते मेलेले टोचून बघितले, नुसते जिवंत टोचून बघितले. आणि सगळी खात्री झाल्यावर, स्वतःला पूर्ण उलगडा झालेला नसतानाही, जे दिसलं ते छापलं.

बर्लिनमध्ये नॉयफेल्ड यांनी लगेच हा प्रयोग करून बघितला आणि तो बरोबर निघाला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये ऑस्वाल्ड एव्हरी होते, न्यूमोकॉकसमधला सगळ्यात मोठा माणूस. त्यांचा आधी विश्वास बसला नाही. पण त्यांच्याच लॅबमधल्या डॉसन यांनी करून बघितलं आणि तेच आलं. मग उंदराची गरजही उरली नाही, काचेच्या नळीतच ते घडायला लागलं. शेवटी १९४४ साली एव्हरी, मॅक्लिओड आणि मॅकार्टी यांनी ते ‘काहीतरी’ म्हणजे डीएनए आहे, हे जाहीर केलं. आनुवंशिकता कशात असते याचं उत्तर जगाला मिळालं ते असं.

पण ते ऐकायला ग्रिफिथ नव्हते. १९४१ च्या एप्रिलमध्ये लंडनवर जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले, त्यात ग्रिफिथ आणि स्कॉट दोघेही गेले. तीन वर्षांनी चुकामूक झाली. मधल्या काळात ते गप्प बसलेले नव्हते. उंदरांच्या प्रयोगावर त्यांनी व्याख्यानं देत फिरायचं सोडून दुसरा जंतू हाती घेतला, घसा बसवणारा आणि स्कार्लेट फीव्हर आणणारा स्ट्रेप्टोकॉकस. त्याचेही प्रकार लावून १९३४ साली मोठा पेपर लिहिला. १९३६ साली लंडनमध्येच सूक्ष्मजीवशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तर हे जायलाच तयार होईनात. शेवटी मित्रांनी जवळजवळ ढकलूनच टॅक्सीत घातलं, असं सांगतात. तिथे जाऊन बोलले ते स्ट्रेप्टोकॉकसवर. उंदरांचं नावही नाही.

इथपर्यंत गोष्ट बायोलॉजीवाल्यांची. आता ती आपल्याकडे येते.

ट्रान्सफॉर्मेशनवर काम करणाऱ्या सगळ्यांना एक त्रास होत होता. तोच जंतू, तोच डीएनए, तेच तापमान. कधी प्रयोग झकास व्हायचा, कधी काहीच व्हायचं नाही. हळूहळू कळलं, की न्यूमोकॉकस सदासर्वकाळ डीएनए आत घेत नाही. वाढीच्या एका ठरावीक टप्प्याला, थोड्याच वेळापुरता, सगळा कळप एकदम ‘तयार’ होतो, आणि मग पुन्हा दारं बंद. या तयारीला कॉम्पिटन्स म्हणतात. आता प्रश्न असा, की लाखो-करोडो पेशी, मेंदू नाही, कान नाहीत, मग सगळ्यांना एकाच वेळी कळतं कसं?

१९६५ साली रॉकफेलरमध्येच अलेक्झांडर टॉमाझ यांनी दाखवलं, की तयार झालेल्या जंतूंच्या भोवतालच्या पाण्यातच काहीतरी असतं. ते पाणी तयार नसलेल्या जंतूंना दिलं की तेही तयार होतात. म्हणजे जंतू एकमेकांना रासायनिक निरोप पाठवतात. जंतूंनाही हॉर्मोनसारखं काही असू शकतं, ही कल्पना त्या वेळी बऱ्याच जणांना पचली नाही. पाच वर्षांनी, १९७० साली, नील्सन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज यांना समुद्रातल्या चमकणाऱ्या जंतूंमध्ये असाच प्रकार सापडला. एकटा जंतू अंधारात गप्प, गर्दी झाली की सगळे एकदम चमकायला लागतात. १९९४ मध्ये याला ‘कोरम सेन्सिंग’ असं नाव मिळालं. आपल्या सोसायटीच्या मीटिंगला कोरम लागतो ना, तोच कोरम. पुरेसे मेंबर जमले का ते बघायचं आणि मगच ठराव पास करायचा.

न्यूमोकॉकसचा निरोप नेमका काय आहे ते १९९५ साली सापडलं. सतरा अमिनो आम्लांची एक छोटी साखळी. तिला सीएसपी म्हणतात. जंतू आधी ४१ अमिनो आम्लांची लांब साखळी बनवतो, बाहेर सोडताना तिचा पुढचा भाग कापतो, उरलेली सतरा बाहेर पडतात. दुसऱ्या जंतूच्या अंगावर एक रिसीव्हर असतो, त्याचं नाव कॉम-डी. निरोप त्यावर बसला की कॉम-ई नावाचं प्रथिन चालू होतं. आणि ते पहिलं काम काय करतं? निरोप बनवणारी, बाहेर सोडणारी आणि ऐकणारी, तिन्ही यंत्रं आणखी जोरात चालवतं. ओळखलंत? पॉझिटिव्ह फीडबॅक! एक थ्रेशोल्ड आहे, त्याच्या खाली शांतता, त्याच्या वर गेलं की आउटपुट एकदम हाय. श्मिट ट्रिगरच म्हणा ना. फरक एवढाच, की आपला ब्रेडबोर्डवर असतो आणि हा आजीच्या घशात. नुसती गर्दीच नाही, तर काही अँटिबायोटिक्ससारखा ताणही या ट्रिगरला ढकलतो, असंही पुढे दिसून आलं.

म्हणजे बघा. ग्रिफिथ यांच्या उंदरात मेलेल्यांचा डीएनए होताच, पण जिवंत जंतूंनी आधी आपसात बोलून दारं उघडली नसती तर तो बाहेरच राहिला असता. एकाच उंदरात दोन निरोप होते. एक मेलेल्यांकडून जिवंतांना, दुसरा जिवंतांचा जिवंतांना. पहिला आपण बारावीला शिकतो. दुसरा कळायला त्या पेपरनंतर ६७ वर्षं लागली.

आणि इथेच ग्रिफिथ यांचा आवडता प्रश्न परत येतो : प्रकार किती, आणि का? कारण या निरोपातही प्रकार निघाले. जगभरच्या बहुतेक न्यूमोकॉकसमध्ये दोन भाषा आहेत, सीएसपी-१ आणि सीएसपी-२. सतरापैकी आठ जागी दोघींची अक्षरं वेगळी. एकीचा रिसीव्हर दुसरीला नीटसा दाद देत नाही. निरोपाचा जीन आणि रिसीव्हरचा जीन जंतूच्या डीएनएवर शेजारी शेजारीच असतात, त्यामुळे बोलणं आणि ऐकणं जोडीने पुढच्या पिढीत जातं. कम्युनिकेशनमध्ये आपण सीडीएमए शिकतो, चॅनल एकच, कोड वेगवेगळे, ज्याचा कोड त्यालाच कळतो. तसंच काहीसं.

पण एकाच घशात राहणाऱ्या एकाच जातीच्या जंतूंना दोन भाषा हव्यात कशाला? सगळ्यांनी एकच बोललं तर सोपं नाही का? यावर एकमत झालेलं नाही, पण वेगवेगळी उत्तरं ऐकण्यासारखी आहेत.

एक उत्तर असं. भाषा हे कुंपण आहे. एकच भाषा बोलणारे एकाच वेळी दारं उघडतात, म्हणून त्यांचा डीएनए आपसातच जास्त फिरतो आणि दोन कुळं वेगळी होत जातात.

दुसरं उत्तर बरोबर उलटं आणि जरा भीतीदायक आहे. न्यूमोकॉकस तयार झाला की नुसतीच दारं उघडत नाही, तो शेजाऱ्यांना फोडणारं प्रथिनही सोडतो. ज्यांनी निरोप ऐकला ते स्वतःच्या बचावाचं प्रथिन आधीच बनवतात. ज्यांनी ऐकला नाही ते फुटतात, आणि त्यांचा डीएनए ऐकणाऱ्यांना मिळतो. याला चक्क भ्रातृहत्या म्हणतात. म्हणजे भाषा न कळणारा शेजारी लुटला जातो, आणि त्यामुळे दोन भाषांमधली देवाणघेवाण उलट वाढते. ग्रिफिथ यांनी जंतू स्टोव्हवर मारले होते. निसर्गात ते काम जंतू स्वतःच करतात!

तिसरं उत्तर फुकट्यांचं. समजा सगळे ‘अ’ भाषेत बोलून मेहनतीचं काहीतरी बनवतात, जे सगळ्यांच्या कामी येतं. एखाद्याचा रिसीव्हर बदलला आणि त्याला ‘अ’ ऐकू येईनासं झालं. तो मेहनत करत नाही, फायदा मात्र घेतो. हॉस्टेलवर वर्गणी न देता गणपतीचा प्रसाद खाणारा असतो ना, तसा. पुढे त्याला जुळणारी ‘ब’ भाषा निर्माण झाली, की त्याचे भाऊबंद आपसात असताना नीट काम करतात आणि ‘अ’वाल्यांत मिसळले की फुकट खातात. आता ‘ब’ बहुसंख्य झाले तर ‘क’ला तीच संधी. म्हणून कोणतीच एक भाषा कायमची जिंकत नाही, आणि भाषा वाढत जातात. अविग्दोर एल्दार यांनी २०११ साली हा हिशेब गणिताने मांडला.

हे फक्त न्यूमोकॉकसपुरतं नाही. गळवं करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसमध्ये अशा चार भाषा आहेत, आणि तिथे तर बहुतेक वेळा एका गटाचा निरोप दुसऱ्या गटाच्या रिसीव्हरवर बसून त्याला गप्प करतो. आपल्या शब्दांत सांगायचं तर जॅमिंग.

हे सगळं वाचून काय उपयोग, असं विचाराल तर पुन्हा आजीच्या वॉर्डात यावं लागेल. न्यूमोकॉकसच्या आवरणाचे आज शंभराहून जास्त प्रकार माहीत आहेत. लस यातल्या काहींवरच चालते, कारण लस ओळखते ती कोट. २०२० साली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस आली, ती दहा प्रकारांची. भारताच्या सरकारी लसीकरणात न्यूमोकॉकसची लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ मध्ये देशभर सुरू झाली. या लसींनी जगभर असंख्य मुलं वाचली आहेत. पण जंतू कोट बदलू शकतो, अगदी ग्रिफिथ यांच्या उंदरात बदलला तसाच. २०११ साली न्यूमोकॉकसच्या एकाच, औषधांना दाद न देणाऱ्या घराण्याचे २४० नमुने घेऊन त्यांचा सगळा डीएनए वाचला गेला. त्यात बाहेरून डीएनए उचलल्याच्या ७०० हून जास्त खुणा मिळाल्या, आणि काहींनी तर लसीतला कोट टाकून लसीबाहेरचा घातला होता. म्हणून आज जगभर साथींवर नजर ठेवणारे लोक काय करतात? रोग्यांचे नमुने गोळा करतात, प्रकार लावतात, कुठला किती वाढला त्याच्या नोंदी ठेवतात. म्हणजे तेच कारकुनी काम, जे ग्रिफिथ करत होते.

ग्रिफिथ यांना नोबेल मिळालं नाही. एव्हरींनाही नाही. ग्रिफिथ यांना तर आपण काय शोधलंय याचं निम्मंही कळलं नाही. डीएनए कळला नाही, सीएसपीचा तर प्रश्नच नव्हता. आपल्याकडे अशा माणसाबद्दल लोक हळहळतात, बिचाऱ्याच्या हाताला यश लागलं नाही म्हणतात. मलाही आधी तसंच वाटलं. आता तसं वाटत नाही. ज्याला उत्तर सापडत नाही त्याच्या हातात एक काम तरीही उरतं, जे दिसलं ते जसंच्या तसं पुढच्याला देणं. ते त्यांनी चोख केलं. त्यांचा निरोप एव्हरींना मिळाला, तिथून टॉमाझना आणि तिथून पुढे कितीकांना मिळाला. तो मिळाला, कारण त्यात खाडाखोड नव्हती.

या सेमिस्टरला आमचा मिनी प्रोजेक्ट चालू आहे. एक रीडिंग पुन्हा कर्व्हबाहेर पडलंय. पार्टनर म्हणाला, अॅडजस्ट करून टाकू, कोण बघतंय? यावेळी मी नाही म्हटलं. आम्ही ते तसंच लिहिलंय, तारीख, तापमान, सप्लाय व्होल्टेज सगळ्यासकट, आणि खाली एक ओळ, की कारण कळलं नाही. व्हायव्हाला कदाचित दोन मार्क कापले जातील. चालेल. आजीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, मग बरोबरच केलंस की. उंदरांचं मात्र मी तिला अजून सांगितलेलं नाही.